‘ही कसली जादू?’: दहा ओळींच्या बेरजेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मनातल्या दोन आकड्यांपासून दरवेळी शेवटच्या दोहोंची बेरीज करत दहा ओळी लिहायच्या, आणि सातव्या ओळीला ११ ने गुणून दहाही ओळींची एकूण बेरीज आधीच सांगायची, ही माझी जादू. तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, पण दहाच्या दहा आकडे लिहून पाठवलेत म्हणून उत्तर द्यायला मजा येतेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुतण्यासमोर तोंडघशी पडलात, आणि जमलं असतं तरी ती जादू नव्हेच, शाळेतलं बीजगणित.

आधी तोंडघशी पडण्याचं बघू. पुतण्याने मनातले दोन आकडे एकाखाली एक मांडले, मग दरवेळी शेवटच्या दोहोंची बेरीज खाली लिहीत गेला: ६, ९, १५, २४, ३९, ६३, १०२, १६५, २६७, ४२२. तुम्ही सातव्या ओळीतल्या १०२ ला ११ ने गुणून ११२२ सांगितलंत, कॅल्क्युलेटरवर आले १११२. बरोब्बर दहाने कमी! असा फरक दिसला की हातचा शोधायचा. २६७ आणि १६५ मिळून ४३२ होतात हो. हातचा विसरला तो, खापर फुटलं तुमच्यावर. पेन्सिल त्याच्या हातात असली तरी नजर आपली हवी, अगदी दहाव्या ओळीपर्यंत.

बरं, सगळ्याच चुका भोवतात असंही नाही. ४ आणि ७ घ्या. तिसरी ओळ ११, चौथी १८. तिथे मुद्दाम १९ लिहा आणि पुढे नीट चालू ठेवा: ३०, ४९, ७९, १२८, २०७, ३३५. एकूण बेरीज ८६९. आणि ७९ गुणिले ११? तेही ८६९च! चौथ्या ओळीत एकाची चूक झाली की सातव्या ओळीत ती ३ होते आणि एकूण बेरजेत ३३, म्हणून पचून जाते. पाचव्या ओळीत मात्र पचत नाही, करून बघा.

आता बीजगणित. पहिले दोन आकडे अ आणि ब. सातवी ओळ ५अ + ८ब, दहा ओळींची बेरीज ५५अ + ८८ब, म्हणजे सातवीच्या बरोब्बर अकरापट. झालं, एवढंच. पण समोरचा आठवी ओळ लिहीत असताना तुम्ही उत्तर चिठ्ठीवर लिहून, घडी घालून त्याच्याच खिशात ठेवता, तेव्हा त्याला अ-ब दिसत नसतात. माझ्या लेखी जादू ती तेवढीच.

‘फिबोनाचीचं नाव का टाळलंत?’ असंही विचारलंय. शेवटच्या दोहोंची बेरीज करत जाणारी ही आकड्यांची मालिका ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो हा इटालियन गणितज्ञ. त्याचा ग्रंथ १२०२ चा. कवितेच्या छंदांच्या मात्रा मोजताना आपल्याकडच्या जैन आचार्य हेमचंद्राने ११५० च्या सुमारास हीच बेरीज सांगितली होती. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर एक मात्रेचं, गुरू म्हणजे दीर्घ अक्षर दोन मात्रांचं. चार मात्रा किती प्रकारे भरतात? पाच. आणि पाच मात्रा? आठ. वर सातव्या ओळीत बसलेत तेच हे ५ आणि ८. तेव्हा नाव घ्यायचंच तर हेमचंद्राचं आधी.

पुतण्या पुन्हा भेटला की दहाव्या ओळीला नवव्या ओळीने भागायला सांगा आणि ‘१.६१’ आधीच सांगून टाका. सुरुवातीचे दोन्ही आकडे शून्याहून मोठे असले की पुढचे दशांश काहीही येवोत, एवढं ठरलेलं. फक्त तो ४२२ तेवढा दुरुस्त करून घ्या, नाहीतर १.५८ येईल आणि पुन्हा मलाच लिहाल.