गोळ्यांचा अर्ज

माझे आडनाव गोळे आहे. एका सरकारी दाखल्यावर ते ‘गोले’ असे छापून आले, ते दुरुस्त करून घ्यावे एवढ्या माफक हेतूने मी परवा एका शासकीय कार्यालयात गेलो, आणि अद्याप गोलेच आहे. तक्रार खरे तर एवढीच आहे. पण मधल्या वेळात जे घडले ते मुकाट्याने गिळण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

मुहूर्त मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याचा होता. हा पंधरवडा १४ ते २८ जानेवारी असा असतो. तो संपून महिना होतो न होतो तोच २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन येतो, पुढे १ मे रोजी राजभाषा दिन असतो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केल्यापासून ऑक्टोबरात अभिजात मराठी भाषा सप्ताहाचीही भर पडली आहे. कार्यालयाच्या दाराला झेंडूचे तोरण होते, जिन्यापाशी ग्रंथदिंडीची पालखी टेकवून ठेवली होती, आणि या कार्यालयात मराठीतूनच संवाद साधावा, असा फलक दर्शनी भागात होता. त्या फलकाखाली उभे राहून मी शिपायाला, आडनाव दुरुस्तीचा अर्ज कोठे द्यायचा, असे मराठीत विचारले. त्याने एक अक्षरही न उच्चारता हनुवटीने दिशा दाखवली. फलकाचा भंग झाला, असे काही म्हणता येणार नाही.

हनुवटीच्या दिशेला एक टेबल होते. टेबलावर साटिनचे कापड, कापडावर ‘शुद्धलेखन मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी, आणि पाटीमागे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ फेटा बांधून बसलेले होते. त्यांच्या खिशाला दोन पेने होती. एक लाल शाईचे होते आणि दुसरे, पहिले संपले तर सोय असावी म्हणून, लालच होते. ते कार्यालयाचे कर्मचारी नव्हते. पंधरवड्यापुरते त्यांना कुणीतरी आदराने आणून बसवले असावे आणि नंतर सगळे जण त्यांना विसरले असावेत. सकाळपासून त्यांच्याकडे कोणीही गेलेले नव्हते, हे मला त्यांच्या नजरेवरून कळायला हवे होते.

“आपले नाव?”

“गोळे.”

“गोळ्यांनी बसावे,” ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

“एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे,” त्यांनी समजावून सांगितले. “करणे, करण्यासाठी. फडके, फडक्यांना. तद्वत गोळे, गोळ्यांना. ‘गोळे यांना’ ही नियम न पाळण्याची सभ्य पळवाट आहे.”

“पण उद्या ‘गोळ्यांच्या घरी चोरी’ असे छापून आले, तर लोकांना ते औषधाचे दुकान वाटेल.”

“वाटू द्यावे. नियम लोकांना काय वाटते यावर चालत नसतो. अर्ज पाहू.”

अर्ज देण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण तोपर्यंत तो त्यांच्या हातात गेलेला होता. विषयाच्या ओळीत ‘दाखल्यावरील आडनाव दुरूस्त करणेबाबत’ असे होते. हे शब्द माझे नव्हेत. कार्यालयाच्याच छापील नमुन्यात ते तसे होते, आणि मी रिकाम्या जागांत नाव, पत्ता व दिनांक एवढेच भरले होते. गृहस्थांनी ती ओळ दोनदा वाचली. मग लाल पेनाचे टोपण काढून त्यांनी ‘रू’ ऱ्हस्व केला, ‘करणेबाबत’ खोडले आणि वर सुवाच्य अक्षरात ‘करण्याबाबत’ असे लिहिले.

“अहो, तो नमुना कार्यालयाचा आहे!”

“आणि नियम? तेही शासनमान्यच आहेत ना? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली आणखी चार स्वीकारले. म्हणजे अठरा नियम मान्य करायचे आणि रोज सकाळी साडेनऊला कार्यालय उघडून ते मोडायचे! कार्यालय अशुद्ध लिहिते, म्हणून तर मी इथे बसलो आहे.”

यावर बिनतोड उत्तर मला तेव्हाही सुचले नाही आणि आताही सुचत नाही. मराठीत अर्ज करणारा प्रत्येक माणूस जन्मभर ‘मिळणेबाबत’, ‘होणेस विनंती’ आणि ‘देणेत यावे’ असे लिहीत आलेला आहे, आणि असे मराठी घरात कोणी बोलले तर त्याला ताप तर आला नाही ना, हे पाहिले जाते. परंतु तत्त्व पटले तरी अर्ज माझा होता. मी तो ओढू लागलो. त्यांनी दुसरे टोक सोडले नाही, आणि अर्ज फाटू नये म्हणून मीच नमते घेतले. मग त्यांनी ‘विषयांन्वये’वरचा फाजील अनुस्वार काढला, आणि अनुस्वार म्हटल्याबरोबर त्यांचे मन बालपणी गेले. चौथीत असताना ‘केलें’, ‘झालें’ यांवरचे अनुस्वार सुटले म्हणून गुरुजींनी त्यांना छड्या मारल्या होत्या. पुढे तेच अनुस्वार शासनाने नियम करून काढून टाकले. “अनुस्वार गेले,” ते म्हणाले, “पण छड्या कोणी परत घेतल्या नाहीत.” हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता. मी सहानुभूतीने मान हलवत असतानाच माझा टोकन क्रमांक पुकारला गेला आणि अनुस्वारांचा इतिहास संपायच्या आत तो बादही झाला.

पुन्हा टोकन घेऊन खिडकीशी पोचलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या मॅडमनी अर्ज दोन बोटांत धरला.

“हे लाल शाईनं कोणी लिहिलं?”

“मार्गदर्शन कक्षाने.”

“खाडाखोड चालत नाही. आणि विषयात ‘करणेबाबत’च पाहिजे. सिस्टीममध्ये तसंच आहे.”

“पण ‘करण्याबाबत’ हे शासनमान्य नियमांनुसार...”

“काका, तुम्हाला दाखला दुरुस्त करायचाय की सिस्टीम?”

तेवढ्यात फेटा माझ्या खांद्यामागून पुढे आला. आपल्या एकुलत्या एका अशिलाचे काय झाले, हे पाहायला गृहस्थ जातीने आले होते. “बाई, ‘करायचा आहे’ असे म्हणा,” त्यांनी सुचवले. मॅडमनी त्यांच्याकडे न पाहता मलाच, “हे तुमच्याबरोबर आहेत का?” असे विचारले, आणि रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्या सभागृहात भाषा संवर्धनाची सुरुवात मीच केली होती.

माणूस म्हणून मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला त्यांचा कळफलक दाखवला. नवा होता, त्यावरचे प्लास्टिकही काढलेले नव्हते. ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सरकारी संगणकांच्या कळफलकांवर रोमन अक्षरांबरोबर देवनागरी अक्षरेही असावीत, असे ठरलेले आहे, आणि तशी ती होती. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेत ल आणि ळ एकाच कळीवर राहतात. नुसती दाबली की ल उमटतो, शिफ्टसह दाबली की ळ. मॅडमनी त्या कळीवर नख ठेवले आणि म्हणाल्या, “बघा, आहे ना तुमचा ळ? पण या रकान्यात तो उमटत नाही. नाव इंग्रजीतच भरायचं, मराठी आपोआप येतं.” आपोआप काय येते, ते माझ्या दाखल्यावर छापलेले होते. पिंगळे पिंगले होतात, साळवी सालवी होतात, आणि ही सगळी किमया ज्या पडद्यावर होते त्याच्या चौकटीला पंधरवड्यानिमित्त ‘माय मराठी’ची पट्टी चिकटवलेली असते.

या ठिकाणी माझा विनोद आटतो. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. भाषा संचालनालय तर राज्याच्याच वयाचे, १९६० चे. साहित्य संस्कृती मंडळ आहे, वाईला विश्वकोश आहे, राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, रिद्धपूरला मराठीचे विद्यापीठ झाले, आणि या कामांतली बरीच खरोखर मोलाची आहेत. मराठी न वापरणाऱ्या कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखण्याचा इशारा देणारे परिपत्रक २०२० साली निघाले. दुकानाच्या पाटीवरचे मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, हे कायद्याने ठरले. दुकानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तर न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितले. ते योग्यच झाले. पण किराणा दुकानदाराच्या पाटीवर अक्षर किती मोठे असावे, यावर इतका काथ्याकूट करणाऱ्या शासनाच्या स्वतःच्या रकान्यात एक अक्षर मुळीच उमटत नसेल, तर त्याचा दंड कोणी भरायचा? अभिजात दर्जासाठीच्या अहवालात नाणेघाटाच्या शिलालेखाचा दाखला दिलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कातळावर छिन्नीने अक्षरे उमटवणाऱ्या त्या कारागिराला कोणत्याही खिडकीवरून “हे इथे उमटत नाही” असे ऐकावे लागले नसावे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मराठी भाषा धोरणाने पुढील पंचवीस वर्षांत मराठीला ज्ञानाची व रोजगाराची भाषा करण्याचे योजले आहे. त्या मुदतीत माझा ळही बसवून घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. विनंतीचा नमुना उपलब्ध असल्यास तोही भरून देईन.

अखेर मी कोरा नमुना घेतला, ‘करणेबाबत’ला हात लावला नाही, गृहस्थ पालखीपाशी कोणाला तरी वेलांटी समजावत आहेत अशी संधी साधली आणि अर्ज दाखल केला. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर शेरा आला: ‘अर्जदाराचे नाव अभिलेखातील नावाशी जुळत नाही. अर्ज नामंजूर.’ जुळत नाही, हेच कळवायला मी अर्ज केला होता. मॅडमना पुन्हा जाऊन विचारले, तर त्यांनी तोडगा सांगितला. आधी ‘गोले’ या नावाने अर्ज करायचा, आणि सोबत गोले व गोळे ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडायचे.

प्रतिज्ञापत्र कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली टंकलिखित करून मिळते. तिथल्या मुलाने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि सरावाने ‘मी, श्री. गोले ऊर्फ गोळे’ अशी सुरुवात केली. वर्तमानपत्रात ऊर्फ कोणत्या बातम्यांमध्ये लागतो, हे मी त्याला सांगू लागलो, पण त्याने ऐकले नाही. रांगेत माझ्यामागे एक साळवी होते. साळवींच्या हातात खाडाखोड केलेला अर्ज होता, आणि त्यावरची शाई लाल होती.