पाच वर्षांचा घोडा

आमचे चिरंजीव चार वर्षं दहा महिन्यांचे आहेत. हे काल मालवण-कुडाळ गाडीत मी इतक्यांदा आणि इतक्या लोकांना सांगितलं की आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एसटीत पाचच्या आतल्या पोराला तिकीट नाही, पाच ते बारा हाफ, हे तुम्हालाही माहितीय. बायकांना २०२३ पासून हाफच, म्हणजे याचं तिकीट काढलं की मी आणि तो सरकारदरबारी एकाच किमतीचे! असो.

कुंभारमाठ मागे पडलं, कंडक्टर आला, "ताई, पोराचं?" मी म्हटलं पाच पूर्ण नाहीत, मांडीवर घेतलाय. तो बिचारा पुढे सरकलासुद्धा होता. तेवढ्यात मांडीवरून खणखणीत आवाज, "मी पाच वर्षांचा घोडा झालोय. आई म्हणते."

म्हणते ना मी. रोज सकाळी म्हणते. शर्टाची बटणं लावत नाही, दूध पुढ्यात घेऊन अर्धा तास बसतो, चपला उलट्या घालतो, मग दुसरं काय म्हणणार, चार वर्षं दहा महिन्यांचा घोडा? ते चिडायचं वय असतं, दाखल्यावरचं नाही. पण हे कंडक्टरला समजवायला तोंड उघडणार तोच शेजारचे आजोबा जागे झाले.

आजोबा म्हणजे पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पायाशी पिशवी, तिच्यातून अळवाची पानं डोकावतायत. आत्ताच आधार कार्ड दाखवून पंचाहत्तरीचं फुकट तिकीट घेतलेलं. आणि त्यांना पुळका कुणाचा, तर एसटीच्या तोट्याचा!

"ह्यो चार वर्साचो? गो बाय, माजो नातू पाचाचो, तो ह्याच्या खांद्याक लागता."

"आजोबा, त्याचे बाबा उंच आहेत."

"आणि पुढचो दात खंय गेलो? दुधाचो दात चवथ्या वर्साक पडता?"

"खळ्यात पडला, दगडावर आपटला."

"सगळी अशीच सांगतत."

सगळी म्हणजे कोण? मला अजूनही राग येतोय लिहिताना. त्याचं निळं आधार कार्ड घरी कपाटात, दाखल्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, आणि माझ्या मोबाईलला चौक्याच्या अलीकडे रेंजची एक दांडी, ती पण लाजत. म्हणजे स्वतःच्या बाळंतपणाची तारीख मला पाठ आहे याला किंमत शून्य.

"थांब," आजोबा म्हणाले, "आमच्या टायमाक दाखलो कोणाकडे होतो? मास्तर सांगी, हात डोक्यावरसून घे आणि पलीकडचो कान धर. कान गावलो तर पयलीत, नाय गावलो तर घराक. उठ रे झिला."

आणि आमचा घोडा उठला! घरी दहा वेळा सांगून न उठणारा. मांडीवर उभा राहिला, उजवा हात डोक्यावरून घेतला, जीभ बाहेर, डोळे तिरळे, बोटं वळवळत डाव्या कानाकडे निघालीत. अख्खी गाडी मागे वळून बघतेय. कंडक्टर मशीन हातात धरून उभा, त्याला पुढची तिकिटं फाडायचीयत हे तोही विसरला. बोटं कानापासून सुपारीएवढी लांब असताना गाडी खड्ड्यात आपटली, (हा रस्ता कधी होणार देव जाणे, दर पावसात तेच) आणि बोट कानाला लागलं.

"लागला!" आजोबा ओरडले.

"खड्ड्यामुळे लागला," मी.

मागची मासेवाली मावशी टोपलीवरून वाकून म्हणाली, "कानाच्या शेंड्याक लागलो, पाळयेक खंय लागलो?" मग दोन पक्ष पडले. शेंडा की पाळी. एक शाळेतला मुलगा म्हणाला डोकं तिरकं करणं फाउल आहे. मी गप्पच झाले, कारण खरं सांगू का, माझं लक्ष भलतीकडे गेलं होतं. परवा परवापर्यंत बनियन घालताना याचा हात टाळूपाशी अडायचा. चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केल्या होत्या आम्ही, त्या गणपतीआधी रंग काढताना नवऱ्याने सफाचट पुसल्या, त्यावरून चार दिवस अबोला झाला, तो आठवला. उंची तरी मोजत होतो. हात मोजायचं सुचलंच नव्हतं.

"कंडक्टर काका, मला पण तिकीट," घोडा म्हणाला. दिवाळीपर्यंत 'कंदत्तर' म्हणायचा. कधी सुधारलं कोण जाणे, मला न विचारता.

काढलं हाफ. प्रश्न पैशाचा नव्हता. (थोडा होता.) पण गाडीभर लोकांसमोर खोटारडी ठरण्यापेक्षा बरं, आणि आजोबांनी कशी मान डोलवली, जसं काही एसटी महामंडळ त्यांनीच वाचवलं.

खरी गंमत पुढेच. तिकीट हातात आल्या आल्या चिरंजीव मांडीवरून खाली. "माझं तिकीट आहे, मी सीटवर बसणार." गाडी खच्चून भरलेली. मी आजोबांना म्हटलं, जरा सरकता का?

"ल्हान पोर ता," आजोबा म्हणाले, "मांडयेर घे की!"

मी नुसती बघत राहिले. तोंडात आलेले सगळे शब्द माहेरचे होते, पोरासमोर बोलण्यासारखे नव्हते.

तो मात्र उभाच राहिला, समोरच्या सीटचा दांडा धरून, धामापूरपर्यंत. मांडीवर ये म्हटलं तर मान हलवायचा. मग मान पेंगायला लागली, आणि नेरूरपारच्या पुलाच्या जरा आधी आपोआप माझ्यावर कलंडला. उचलून घेतला. जड झालाय हो. तिकीट मुठीत घामाने लगदा झालेलं, काढायला गेले तर झोपेतच मूठ आवळली.

पूर्वी असा आडवा घेतला की माझ्या मांडीत मावायचा. आता पाय पलीकडे आजोबांच्या पांढऱ्या लेंग्यावर गेले, चपलांना स्टँडवरचा चिखल होता. गाडी हिंदकळली की चप्पल लेंग्याला पुसली जायची.

आजोबा माझ्याकडे बघत होते. मी कुडाळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.