नोकरी गेली, आता कागदी घोडे नाचवा

कंपनीने 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला एक मिनिट घेतलं. पण सगळा पीएफ काढायला लागते ती माझी नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरायला त्यांना सवड नाही! एचआर फोन उचलत नाही. आपली आपण भरावी, तर पीएफमध्ये जमा झालेल्या शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने थांबायचं. तोवर घरभाडं कोण भरणार?

ईएसआय म्हणजे कामगार विमा; त्याच्या अटल योजनेत नोकरी गेलेल्याला सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के मिळतात, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. स्वेच्छानिवृत्ती असेल तर तेवढंही नाही. आणि बंद केबिनमध्ये दमदाटी करून 'स्वखुशीने' लिहून घेतात त्याचं काय? संताप होतो नुसता. ती सही कुणाच्या दबावाखाली झाली, हे अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, सांगा ना!