कलम नऊवाल्यांचं मत

आमच्या मावस-मामे भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या राज्यघटनेचा कीस पडतोय. निमित्त सरनाम्यातल्या दोन शब्दांचं, ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’. २०२५च्या जूनमध्ये, आणीबाणीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी हे शब्द ठेवायचे का याचा विचार व्हावा असं म्हटलं, आणि साताऱ्याच्या आमच्या दादाला जोर चढला. त्याचं म्हणणं सरळ आहे. घटनाकारांच्या मनात जो अर्थ होता तोच खरा. आणीबाणीत घुसडलेले शब्द काढा आणि कोर्टांनी घटनेत नसलेलं वाचणं बंद करावं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४मध्येच हे शब्द काढायला नकार दिलाय, असं मी लिहिलं तर त्याचं उत्तर, ‘तेच तर दुखणं आहे.’

आता माझं डोकं कशानं फिरतं ते सांगते. हाच दादा मराठा मोर्चात पुढे असायचा आणि आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा उठवा म्हणून अजूनही हिरिरीनं भांडतो. ही मर्यादा घटनेत कुठे लिहिलीय ते दाखवा, असं त्याचं आव्हान असतं. लिहिलेली नाहीच. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ती पक्की केली आणि तिच्याच आधारानं ५ मे २०२१ रोजी महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला. इथवर दादा आपल्या तत्त्वाला धरून आहे. पण घटनाकारांच्या मनातलंच बघायचं तर ३० नोव्हेंबर १९४८चं बाबासाहेबांचं भाषण काढावं लागतं. राखीव जागा एकूण जागांच्या अल्प हिश्शापुरत्याच असाव्यात, नाहीतर समान संधीचं तत्त्वच मोडीत निघेल, असं ते घटना समितीत स्वच्छ म्हणाले होते. सत्तर टक्के राखीव ठेवल्या तर काय होईल, हे उदाहरणही त्यांचंच. मी ते भाषण ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासानं दादा उगवला. ‘ते तेव्हाचं होतं गं. आता परिस्थिती किती बदललीय.’

मग मी तरी दुसरं काय म्हणत होते?

पण तो तेवढ्यावर थांबत नाही. ‘तुमच्या जर्मनीत चालतं का असं?’ हे पालुपद असतंच. यातला ‘तुमच्या’ मला दर वेळी टोचतो. तरीही मी उत्तर देते, कारण मी राहते कार्ल्सरूहला, आणि या विषयावर बोलायला याहून सोयीचं गाव नसेल. इथलं घटना न्यायालय राजवाड्याच्या बागेला लागून, काचेच्या ठेंगण्या इमारतींत बसतं. माझी सायकल रोज तिथूनच जाते. पुढे राजवाडा आणि बाजारचौकाच्या मध्ये मूलभूत हक्कांच्या नावाचा एक चौक आहे. तिथे रस्त्याच्या नावाच्या पाट्यांसारख्या खांबांवर पाट्या लावल्यात. कायदेपंडितांची वाक्यं आहेत, आणि कायद्याशी खटके उडालेल्या साध्या माणसांचीही. न्यायाचा अर्थ काय, असं दोघांना विचारलं होतं. दोघांच्या पाट्या एकाच मापाच्या. आई आली होती तेव्हा तिला मी त्यातल्या काही वाचून, अर्थ सांगून दाखवल्या. ती म्हणाली, ‘आपल्याकडे एवढ्या पाट्या असत्या तर वर वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या असत्या.’ मला हसू आलं, आणि आईचा थोडा रागही आला. असं मी म्हटलेलं चालतं, तिनं म्हटलेलं चालत नाही. का ते मला विचारू नका.

तर चालतं का जर्मनीत असं? चालतं, आणि दणक्यात चालतं. इथली घटना १९४९ची, आपल्याच वयाची. स्त्रीपुरुष समान आहेत असं ती लिहिणाऱ्यांतल्या एलिझाबेथ झेल्बर्ट यांनी भांडून तिच्यात लिहून घेतलं. ती ओळ तशीच असताना १९७७पर्यंत इथल्या कायद्यात होतं, की बायकोनं नोकरी करायची ती संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच. समलिंगी पुरुषांना तुरुंगात घालणारं कलम १९५७ साली याच न्यायालयानं घटनेला धरूनच ठरवलं, आणि ते पुरतं जायला १९९४ उजाडलं. २०१७ साली समलिंगी लग्नांना मान्यता मिळाली तेव्हा घटनेतल्या विवाहाच्या कलमाचा शब्दही हलला नव्हता. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला २०१३चा स्वतःचा निकाल फिरवायला पाच वर्षं लागली. ही तुलना मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जर्मन सहकाऱ्यांना आवर्जून ऐकवते. लग्नाच्या बाबतीत २०२३ साली आपल्याच न्यायालयानं हात वर केले, हा भाग मी तिथे काढत नाही.

ग्रुपवर दुसरा पक्षही आहे. पुण्याची भाची, वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला. ‘संविधानाला हात लावाल तर याद राखा’ असा तिचा डीपी. तिच्यावरही माझा तितकाच राग, फक्त तो प्रेमानं येतो. अगं, पहिला हात १९५१ साली लागला, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधी, आणि तेव्हा हात लावणारे बहुतेक लिहिणारेच होते. मद्रासमधल्या राखीव जागा कोर्टानं रद्द केल्या म्हणून मागासवर्गांसाठी खास तरतूद करू देणारं कलम १५(४) आलं. आजवर शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८मध्ये निघाला तेव्हा आभाळ कोसळलं नाही. जी घटना तू डीपीवर मिरवतेस तिच्यात या सगळ्या हातांचे ठसे आहेत.

मात्र दादानं मला एकदा चांगलंच पकडलं. सरनाम्यात ते दोन शब्द घालणारी बेचाळिसावी दुरुस्ती झाली ती १९७६च्या अखेरीस, आणि त्या लोकसभेची पाच वर्षं त्याच मार्चमध्ये संपली होती. आणीबाणीचा फायदा घेऊन मुदत वाढवलेली. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, ते अशोभनीय होतं. त्यावर त्यानं बातमी टाकली: जर्मनीत २३ फेब्रुवारी २०२५ला निवडणूक झाली, नव्या सभागृहात घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं जमणार नाहीत असं दिसलं, म्हणून १८ मार्चला जुनंच सभागृह बोलावून सरकारी कर्जाच्या मर्यादेचं कलम बदलून घेतलं. नवं सभागृह आठवड्यानं बसलं. कार्ल्सरूहनं त्याला हरकत घेतली नाही. कायद्यानं ते चोख आहे, नवं सभागृह बसेपर्यंत जुन्याची मुदत असतेच, आणि इथे कुणी विरोधक तुरुंगात नव्हते. हे सगळं मी त्याला लिहिलं. लिहिताना आपला सूर सरकारी प्रवक्त्यासारखा लागतोय हे मला ऐकू येत होतं.

खरी गंमत मूळ चौकटीची आहे. संसदेला घटना दुरुस्त करता येते, मोडता येत नाही, हे तत्त्व कोर्टानं हवेतून काढलं अशी दादाची तक्रार. ते हवेतून नाही, माझ्या इथून तासाभरावरच्या हायडेलबर्गहून आलं. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेतले डीट्रिश कोनराड १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यानाला गेले आणि त्यांनी विचारलं, की दोन तृतीयांश मतांनी तुम्ही उद्या मोगल बादशाही परत आणू शकाल का? हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा संसदेतच मंजूर झाला होता, ते ज्याच्या देशात घडलं त्याला हा प्रश्न पडणारच. इथल्या घटनेत काही कलमं कधीच बदलता येणार नाहीत असं लिहूनच टाकलंय. आपल्याकडे लिहिलेलं नव्हतं. वकिलांनी कोनराडांचा मुद्दा १९६७मध्ये गोलकनाथ खटल्यात मांडला, आणि २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा फरकानं चौकट उभी राहिली. एका मतानं!

आणि त्या सहांत कोण होते? आपले यशवंत विष्णू चंद्रचूड, पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरच्या घराण्यातले. संसदेच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, असं तेव्हा त्यांचं मत. १९७६मध्ये आणीबाणीत जगण्याचा हक्कसुद्धा कोर्टात मागता येणार नाही म्हणणाऱ्या बहुमतात तेच. आणि १९८०मध्ये, सरन्यायाधीश म्हणून, मिनर्व्हा मिल्स खटल्यात ती मूळ चौकट वापरून बेचाळिसाव्या दुरुस्तीची कलमं उडवणारेही तेच. १९८५मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क आला, हे त्यांनीच लिहिलं. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पुढे २०१७मध्ये धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा १९७६चा निकाल चुकीचा होता असं निकालपत्रात नोंदवलं. दादा याला धरसोड म्हणतो. मला वाटतं, मधे आणीबाणी होऊन गेली होती. घटनेतली अक्षरं तीच होती. वाचणाऱ्यानं मध्यंतरी काय पाहिलं होतं त्याचा तो फरक. जर्मनांनी हे १९४५पर्यंत पाहिलं, आपण १९७७पर्यंत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाच मूळ अर्थ इतका सोपा वाटतो.

हे मी जरा फुशारकीनंच लिहिलं होतं. शेवटी बाबासाहेबांचंच वाक्य ठोकलं, २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणातलं. त्यात त्यांनी अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला दिलाय: प्रत्येक पिढी म्हणजे एक वेगळं राष्ट्र, पुढच्या पिढीला बांधून ठेवायचा हक्क तिला तितकाच, जितका परक्या देशातल्या रहिवाशांना. झालं! दादाला आयतंच सापडलं. ‘म्हणजे तुला. तूच की ती परक्या देशातली रहिवासी.’ पुढे हसणारा चेहरा. भाचीनंही त्यावर अंगठा दिला.

मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, इथे देते. जर्मन नागरिकत्वाची तेहतीस प्रश्नांची परीक्षा मी दिली, इथल्या लोकशाही व्यवस्थेवर निष्ठा आहे असं सही करून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. २७ जून २०२४पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. सोडायला लावतो तो भारत. घटनेचं कलम ९ आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलमही ९: स्वेच्छेनं परक्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की तुमचं भारताचं संपलं. वकिलातीतल्या खिडकीत माझा पासपोर्ट आत गेला आणि रद्दचा शिक्का बसून परत आला. आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परक्या देशाचे नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर साताऱ्याला जाता येतं, राहता येतं, मत देता येत नाही.

घटनेचा अर्थ काळाबरोबर बदलला पाहिजे असं मी तावातावानं म्हणते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बरेचदा धर्मनिरपेक्षता नसते, आरक्षण नसतं, हे कलम नऊ असतं. १९४९ साली फाळणी नुकतीच झाली होती, माणसानं एक देश निवडावा हे तेव्हा रास्त होतं, आता परिस्थिती किती बदललीय, असं मी मनातल्या मनात घोकत असते. दादाचंच वाक्य. पण या कलमात अर्थ लावायला जागा नाही, कार्ल्सरूहचे लाल झग्यातले न्यायाधीश आणून बसवले तरी नाही. ते बदलायचं तर संसदेनं कायदा बदलावा लागेल, आणि त्यासाठी मतं मागायची ती दादाकडे आणि भाचीकडे. परवा मी तिला सहज म्हणून विचारलं, दुहेरी नागरिकत्वाबद्दल तुझं काय मत? ‘मावशी, तत्त्वतः विरोध आहे,’ ती म्हणाली, ‘पण तू सांग ना, तुला का हवंय?’ मी तिला कारणं सांगायला लागले, मालमत्ता, आईचं वय, प्रवास. यातलं सगळं ओसीआयवर होतं, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.