माल गार होतोय, माणूस भाजला तरी चालेल!

"ए, हात चालव, माल गार होतोय!" दिवसातून किती वेळा हे ऐकतो, मोजायचं सोडून दिलंय. टिपरमधून पडणारी डांबर-खडी दीडशे अंशांच्या आसपास तापलेली असते. गार झाली की रोलरखाली नीट दबत नाही, हे मलाही कळतं. पंधरा वर्षं रस्त्याच्या कामावर रेक, म्हणजे माल सारखा करायचं दाताळं, ओढतोय. पण या एका वाक्यापुढे आमच्या जिवाला काही किंमत आहे की नाही?

परवा टिपर रिव्हर्स येत होता. हॉर्न बंद. मागे बघायला उभा केलेला माणूस? त्याच्या हातात फावडं दिलेलं, कारण माल गार होतोय! आमचा एक पोरगा पेव्हरसमोर, म्हणजे माल पसरणाऱ्या मशीनसमोर, वाकून सांडलेला माल ओढत होता. मी बोंबललो म्हणून वाचला. ड्रायव्हर म्हणतो, "आरशात दिसला नाही." अरे, दिसत नाही म्हणूनच मागे माणूस लागतो ना!

त्याच पोराच्या मनगटावर दुपारी डांबर उडालं. हातमोजे नव्हतेच. एक जण ओढून काढायला धावला, दुसरा डिझेलचा बोळा घेऊन. दोघांनाही शिव्या घातल्या. चिकटलेलं डांबर ओढलं की कातडी सोबत येते! त्यावर वीस मिनिटं तरी गार पाणी सोडायचं आणि डांबर तसंच ठेवून दवाखाना गाठायचा. पण पाणी होतं कुठे? रोलरच्या टाकीत. ड्रमला माल चिकटू नये म्हणून त्याची टाकी रोज काठोकाठ भरतात. आम्हाला एक जार, तोही दहा वाजता संपलेला. शेवटी रोलरचंच पाणी काढून पोराचा हात धुतला, तर मुकादम माझ्यावरच भडकला!

गमबूट मिळाले तरी पँट बुटावरून खाली सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर माल सरळ बुटात. हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही. सांगणार कधी? आल्या आल्या हातात फावडं. धुराचं तर बोलायलाच नको, साहेब गाडीची काच वर करून 'लेव्हल' बघतात.

काल विचारलं, हॉर्नचं काय झालं? मुकादम म्हणाला, "सीझन संपल्यावर बघू."