सासवड म्हणजे पुण्याचं उपनगर नव्हे

हडपसर सोडलं की दिवे घाटापर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. "पुण्याला लागून सासवड", "विमानतळाशेजारी एनए प्लॉट", "आजच बुक करा". आजोळ सासवडचं, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय.

लागून कसलं? मध्ये अख्खा घाट आहे! माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा टीव्हीवर ड्रोनची दृश्यं सगळे बघतात, पण ती चढण म्हणजे पाणलोटाची सीमा आहे हे कोणी सांगत नाही. घाटाच्या अलीकडचा, पुण्याच्या अंगाचा पाऊस मुळा-मुठेला जातो. माथा ओलांडला की पलीकडचा कऱ्हेला, तिथून बारामती तालुक्यात नीरेला. दोन्ही पाणी शेवटी भीमेतच, पण वाटा वेगळ्या. माणसंही तशीच वेगळी.

आणि मान कुणाचा मोठा म्हणाल, तर १२९६ साली सोपानकाकांनी समाधी घेतली ती इथे. म्हणून माउलींची पालखी धाकट्या भावाच्या गावी दोन रात्री थांबते. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेला तो सासवडला. शनिवारवाड्याचा पाया पडला १७३० मध्ये. त्याआधी पेशव्यांचं बिऱ्हाड इथेच होतं. कऱ्हाकाठचा पुरंदऱ्यांचा वाडा बघा, बुरूज, तटबंदी, गढीच ती. अत्रेही इथलेच, शेजारच्या कोडीतचे. नगरपालिकाही इंग्रजांच्या काळातली. अगदी अलीकडचं सांगायचं तर २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिली आली ती हीच नगरपरिषद. पुण्याने यावर बोलू नये.

पण हा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस तिकडे सह्याद्रीवरच सांडतो, इकडे उरलंसुरलं येतं. ह्या कोरड्या हवेत आणि निचऱ्याच्या जमिनीत पिकतं ते अंजीर. पुरंदरच्या, म्हणजे सासवडच्याच तालुक्यातल्या, अंजिराला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. खट्टा बहार थंडीत, मीठा बहार उन्हाळ्यात, आणि गोडी मीठ्याला. तोडणी उजाडायच्या आत सुरू होते. देठ तुटला की पांढरा चीक येतो, तो बोटांच्या बेचक्यांत बसून अशी आग करतो की माझी मामी हातमोजे घातल्याशिवाय झाडाला शिवत नाही. फळ दुसऱ्या दिवशीच मऊ पडतं, म्हणून बाजार गाठायची सगळी धावपळ. सीताफळाचंही तेच.

मग पाण्याचं काय? गाव कऱ्हेच्या काठावर, पण नळाचं पाणी नीरेवरच्या वीर धरणातून पंपाने चढवून आणायचं. शेतीसाठी पुरंदर उपसा सिंचन योजना, म्हणजे पुण्याने वापरून मुळा-मुठेत सोडलेलं पाणी उचलून डोंगराच्या ह्या अंगाला टाकायचं. वर त्याची पाणीपट्टीही शेतकऱ्यानेच भरायची. आता पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी सात गावांची जमीन मागतायत, त्यात फुल्यांच्या घराण्याचं खानवडीही आहे. विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणणं सोपं आहे. बागा कुणाच्या जाणार, ते तिथे जाऊन बघा.

कुणी सासवडला राहायला येऊच नये असं माझं म्हणणं नाही. मामेभावानेही बंगला बांधलाच की. पण आधी पाणी, मग प्लॉटिंग, हा क्रम नगरपरिषदेने आणि तालुक्याने धरायला हवा, आणि घेणाऱ्यांनीही. साइट व्हिजिटला गाडीत घालून नेणाऱ्या एजंटला एवढंच विचारा, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं? आणि एप्रिलमध्ये?