रस्त्याने लावलेली वाट

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा अमेरिकेत पिट्सबर्गला आले तेव्हा त्यांना ग्रँट स्ट्रीटवरचं अ‍ॅलेगेनी काउंटी कोर्टहाउस दाखवायला नेलं. बाहेरून बघून बाबा एकदम खूश. मुद्दाम खडबडीत ठेवलेला ग्रॅनाइट, अर्धगोल कमानी, मधोमध उंच मनोरा. आत शिरलो आणि ते थबकले. छत डोक्याशी आलेलं. "अरे, एवढ्या मोठ्या कोर्टात तळघरातून आल्यासारखं का वाटतंय?"

कारण ते तळघरच आहे, बाबा!

आधीचं कोर्ट १८८२ मध्ये जळालं. नव्याच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली, ती वास्तुविशारद हेन्री हॉबसन रिचर्डसनने जिंकली. १८८४ ला काम सुरू झालं, १८८८ ला संपलं. रिचर्डसन मात्र १८८६ मध्येच गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी.

तेव्हा मुख्य दार रस्त्यापासून चार पायऱ्यांवर असेल-नसेल. पण रस्ता होता टेकाडावर, आणि चढ सगळ्यांनाच जड जायचा. म्हणून १९१२-१३ च्या सुमारास शहराने टेकाडच तासलं. रस्ता खाली गेला, दार वर लटकलं. मग दारापर्यंत लांबलचक जिना बांधला. १९२० च्या दशकात रस्ता रुंद करताना तोही काढून टाकला, दारं खालपर्यंत वाढवली आणि लोकांना थेट तळघरात सोडलं. आपल्याकडे डांबराचे थर चढून चढून वाड्याचा उंबरठा रस्त्याखाली जातो. इथे नेमकं उलटं!

१९७६ पासून ही इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे, आणि 'बघा, कशी जशीच्या तशी जपलीय' असं कौतुक नेहमी ऐकू येतं. माझं स्पष्ट मत आहे की जशीच्या तशी वगैरे काही नाही. दगड जपले, पण आत येण्याचा सगळा थाट घालवला. थोडं वर गेल्यावर कमानींच्या आतून चढणारा दगडी जिना दिसतो, तेव्हा आपण काय गमावलं ते कळतं.

मनोरा नुसता शोभेचा नाही बरं का. पोलाद गिरण्यांच्या काजळीमुळे खालची हवा घाण असायची, म्हणून आत घ्यायची हवा मनोऱ्याच्या उंचीवरून ओढायची, अशी योजना होती. बाबा महापालिकेत इंजिनियर होते, त्यांना कमानींपेक्षा हेच जास्त आवडलं.

आईला रस जेलमध्ये. मागच्या रस्त्यावरून जाणारा बंदिस्त दगडी पूल कोर्टाला जुन्या जेलशी जोडतो, व्हेनिसमधल्या तुरुंगाकडे नेणाऱ्या 'ब्रिज ऑफ साइज'सारखा. १९०२ मध्ये जेलरच्या बायकोनेच बिडल बंधू या दोन कैद्यांना या जेलमधून पळायला मदत केली होती, हे ऐकल्यावर आईने बसकणच मारली. "नीट सांग, पहिल्यापासून."

मधल्या चौकात कारंज्यापाशी बसून सांगितलं. चारही बाजूंना दगड, रस्त्याचा आवाज जवळजवळ नाही. सोबत नेलेले थालीपीठाचे डबे तिथेच उघडले. बाबा मात्र मान वर करून मनोऱ्याकडेच बघत होते.